केबल मागवण्याआधी: मोटरबोटीचं जड झालेलं स्टिअरिंग

बोट १७ फुटी, फायबरची. मागे ४० हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड इंजिन, पुढे उजव्या अंगाला चाक आणि दोघांना जोडणारी १४ फुटी केबल. उजनीच्या करमाळ्याकडच्या काठावर ती उन्हाळाभर ताडपत्रीखाली उभी होती. पाणी वर आल्यावर उतरवायला घेतली तर चाक एका हाताने हलेना. दोन्ही हातांनी जोर लावला की कुरकुरत दोन बोटं सरकायचं आणि पुन्हा अडायचं.

अशा वेळी काठावर पहिला निकाल ठरलेला असतो: "केबल गेली मालक, नवीन टाका." निकाल सोपा आहे, पण केबल सोलापुरात काउंटरवर मिळत नाही, मुंबईहून मागवावी लागते. लांबी चुकली तर परत पाठवणं आलं. आणि नवी केबल आणूनही चाक जडच राहिलं, असं बऱ्याचदा होतं, कारण अडकलेलं असतं दुसरंच काहीतरी. म्हणून आधी एकेक सांधा सुटा करून जडपणा नेमका कुठे आहे ते बघायचं ठरवलं.

त्याआधी जडपणा मोजला. मासे तोलायचा हातात धरायचा ताणकाटा काठावर कुणाकडेही मिळतो. चाकाची आरी जिथे कडेला मिळते तिथे दोरीचा फास अडकवून काटा आरीला काटकोनात ओढायचा. तिरका ओढला तर आकडा खोटा येतो. चाक सुटताना लागणारा जोर आणि फिरत असताना लागणारा जोर हे दोन्ही वेगळे टिपायचे, डावीकडे आणि उजवीकडेही. आमच्याकडे फिरताना डावीकडे ९ किलो आणि उजवीकडे साडेआठ आला. असल्या बोटीचं निरोगी चाक काठावर दीड-दोन किलोत फिरायला हवं. हा आकडा लिहून ठेवल्याचा फायदा पुढे दिसतो. प्रत्येक दुरुस्तीनंतर किती फरक पडला ते कळतं, नाहीतर 'जरा हलकं वाटतंय' यावरच समाधान मानावं लागतं.

दोन्ही बाजूंना आकडा साधारण सारखाच आला, म्हणजे कुठेतरी घर्षण आहे. काठावर चाक हलकं, पण पाण्यात वेगात असताना एकाच बाजूला वळवायला जड, असं असेल तर तो रोग निराळा. पंख्याच्या (प्रॉपेलरच्या) फिरण्यामुळे इंजिन एका बाजूला ओढ घेतं आणि त्याचा इलाज इंजिनाखालच्या छोट्या ट्रिम टॅबमध्ये, म्हणजे वळवता येणाऱ्या छोट्या कल्ल्यात, असतो. त्याच्याबद्दल शेवटी सांगतो, कारण या दोन रोगांची सरमिसळ करून लोक चांगल्या केबली फेकून देतात.

पाना हातात घ्यायच्या आधी तीन-चार गोष्टी नुसत्या डोळ्यांनी बघून घेतल्या. इंजिनाचं खालचं पातं गाळात टेकलं नाही ना? टेकलं असेल तर सगळी मोजमापं फुकट. बऱ्याच इंजिनांना स्टिअरिंग घट्ट करायचा एक फ्रिक्शन स्क्रू किंवा छोटी दांडी असते. हातदांड्याने चालवणाऱ्यासाठी ती सोय आहे. चाक बसवलं की ती पूर्ण सैल हवी. कुणीतरी कधीतरी ती आवळून ठेवलेली असते आणि दोष मात्र केबलीला लागतो. पेट्रोलचा पाइप, बॅटरीच्या वायरी, गिअर-थ्रॉटलच्या केबली इंजिनासमोरच्या खोलगट जागेत एकमेकींत गुंतल्या आहेत का तेही बघावं. पाण्यात बुडालेल्या बाभळीच्या खुंटाला इंजिन कधी आपटलं असेल तर केबलचं टोक इंजिनाला जोडणारा लिंक रॉड वाकलेला असू शकतो. उजनीत पाणी उतरलं की हे खुंट नेमके पंख्याच्या उंचीवर येतात. आमच्याकडे स्क्रू सैल होता, रॉड सरळ होता. वायरी जरा गुंतल्या होत्या, पण नऊ किलोचा खुलासा त्यातून होत नव्हता.

रचना साधी आहे. चाकामागे गिअरचा एक डबा असतो, त्याला हेल्म म्हणतात. त्यातून केबल बोटीच्या कडेने मागे जाते. केबलच्या टोकाला ५/८ इंच जाडीचा, म्हणजे साधारण १६ मिलिमीटरचा, स्टीलचा गुळगुळीत दांडा असतो. इंजिन ज्या आडव्या नळीभोवती वर उचललं जातं त्या टिल्ट ट्यूबमधून हा दांडा आरपार जातो आणि आत-बाहेर सरकतो. दांड्याच्या बाहेरच्या टोकाला लिंक रॉड आणि लिंक रॉडचं दुसरं टोक इंजिनाच्या स्टिअरिंग आर्मला. इंजिन स्वतः उभ्या खिळीवर फिरतं, ते स्विव्हल ब्रॅकेट. म्हणजे अडकायच्या जागा चार: हेल्म, केबल, टिल्ट ट्यूबमधला दांडा आणि स्विव्हल. एवढ्यातूनच शोधायचं असतं.

पहिला सांधा लिंक रॉडचा सोडवला, कारण तो चौघांना दोन गटांत विभागतो. इथले बोल्ट ३/८ इंची असतात आणि त्यांच्या नटाला ९/१६ चा पाना लागतो. १४ चा पाना त्यावर चढत नाही, १५ चा लावला तर नटाचे कोपरे गोल होतात. मग चिमट्याने ओढाताण सुरू होते. एक ९/१६ चा पाना पेटीत टाकून ठेवावा. लिंक सुटल्यावर इंजिनाला हाताने धरून डावीकडे-उजवीकडे फिरवलं. थोडं जड होतं, पण टोकापासून टोकापर्यंत एका हाताने गेलं. म्हणजे स्विव्हल कोरडं आहे, पण मुख्य चोर तो नव्हे. मग पुढे जाऊन चाक फिरवलं. इंजिन सुटं असूनही काटा सात किलोच्या आसपास. रोग पुढच्या तिघांत आहे हे पाच मिनिटांत नक्की झालं. उलटं असतं, म्हणजे लिंक सोडल्यावर चाक लोण्यासारखं फिरलं असतं आणि इंजिन हलत नसतं, तर केबलकडे बघायचीही गरज नव्हती.

आता टिल्ट ट्यूबच्या ज्या तोंडातून केबल आत शिरते तिथला मोठा नट. नळीवर ७/८ इंची आटे असतात आणि त्यावर हा नट केबलला धरून ठेवतो. त्याला १२ इंची ॲडजस्टेबल पाना लागला. नट सोडण्याआधी आटे वायर ब्रशने साफ करून त्यावर गंज सोडवणारं तेल मारलं आणि तासभर थांबलो. ही घाई नडते. आटे खराब झाले तर अख्खी टिल्ट ट्यूब बदलावी लागते आणि त्यासाठी इंजिन उतरवायला लागतं.

नट सुटला, तरी दांडा नळीतून सुटेना. चाक फिरवून तो जेवढा बाहेर येतो तेवढा आणला आणि मग टोकावर लाकडी ठोकळा धरून हलके ठोके देत उलटा मागे सरकवला. थेट हातोडी मारायची नाही. दांड्याचं टोक चपटं झालं की ते नळीतून जात नाही आणि लिंकचं भोक लांबट होतं. चाकाला जोर लावून दांडा ओढून काढण्याचा मोहही आवरावा. त्या जोरात हेल्मचे दात जातात किंवा केबलच्या आतली तार वाकते, आणि मग खरोखरच केबल मागवायची वेळ येते.

दांडा बाहेर आल्यावर सगळं दिसलं. मधल्या सात-आठ इंचांवर ग्रीस नव्हतंच. होता तो तपकिरी कडक थर, नखाने काढला तर पेंडीसारखा तुटणारा. त्यात बारीक माती होती. नळीच्या तोंडाशी आतल्या बाजूला गंजाचा एक कडा आणि इंजिनाच्या ॲल्युमिनियमशी जिथे नळी टेकते तिथे पांढरी भुकटी. ही पांढरी भुकटी बघून मालकाला विचारलं तेव्हा कळलं की इंजिन कोकणातून जुनं घेतलेलं आहे. भीमेच्या गोड्या पाण्यात बोट चालवणारे मिठाचा विचारच करत नाहीत. पण समुद्रावर वापरलेलं इंजिन घाटावर येताना नळ्यांत, बुशांत (खिळीभोवतीच्या आधाराच्या कड्यांत), आट्यांत मीठ घेऊन येतं आणि पावसाळ्यातल्या दमट हवेत ते पुन्हा काम सुरू करतं. असं इंजिन घेतलं की पहिल्याच आठवड्यात टिल्ट ट्यूब उघडून धुवावी. गोड्या पाण्याने, आणि नुसतं बाहेरून नव्हे.

ग्रीस असं कडक का होतं, हे आपल्या हवेत समजून घेण्यासारखं आहे. ग्रीस म्हणजे साबणाच्या जाळीत धरून ठेवलेलं तेल. उन्हाळ्यात सोलापूरचा पारा ४३ अंशांच्या वर जातो. उन्हात तापलेलं काळं इंजिन त्याहून कितीतरी गरम होतं. त्या उष्णतेत तेल हळूहळू झिरपून निघून जातं आणि मागे साबण उरतो. त्यात उजनीचा काठ उन्हाळ्यात दूर सरकतो. धरणाची एकूण क्षमता ११७ टीएमसी, त्यातला ६३ टीएमसीहून थोडा जास्त मृतसाठा. पाणी 'वजा'मध्ये, म्हणजे मृतसाठ्याच्या पातळीखाली, गेलं की बोटी उघड्या गाळावर राहतात. तो गाळ सुकून धूळ होतो आणि वाऱ्यावर उडतो. दांड्याचा जो भाग बाहेर असतो त्यावर धूळ बसते आणि पहिल्यांदा चाक फिरवलं की दांडा ती सगळी नळीत ओढून घेतो. दोन महिने बोट हललीच नाही तर आतला साबण आणि माती मिळून गच्च बसतात.

नळी साफ करायला १२ मिलिमीटर जाडीचा सरळ लाकडी दांडा घेतला. एका टोकाला करवतीने इंचभर चीर पाडून त्यात २२० नंबरचा पॉलिश पेपर अडकवला, गुंडाळला आणि दुसरं टोक ड्रिल मशीनला. वेग कमी ठेवून, आत-बाहेर करत, मध्ये-मध्ये रॉकेलचा पिचकारा. गंजाचा कडा गेल्यावर ४०० चा पेपर. इथे नळी मोठी करायची नसते, फक्त कचरा काढायचा असतो. दांडा नळीत ढिला खेळायला लागला तर वेगात बोट डोलते. नंतर दोरीला सुती फडकं बांधून नळीतून ओढलं, फडकं स्वच्छ येईपर्यंत. नळीच्या टोकाला रबरी सील किंवा ओ-रिंग असते, ती कडक झाली असेल तर बदलावी. धूळ आत जाण्यापासून अडवणारी तेवढी एकच गोष्ट आहे.

दांड्याला मात्र जाड पेपर लावायचा नाही. रॉकेलमध्ये भिजवलेलं फडकं, मग ६०० चा वॉटर पेपर पाण्यात बुडवून, हलक्या हाताने. नंतर नख फिरवून बघायचं. नखाला खड्डे लागले तर दांडा गेला. दांडा केबलचाच भाग असल्याने मग केबल बदलणं आलं, आणि तिथे तो काठावरचा निकाल बरोबर ठरतो. आमच्या दांड्यावर डाग होते, खड्डे नव्हते. कोरडा दांडा कोरड्या नळीत घालून पाहिला. दोन बोटांनी ढकलल्यावर आरपार गेला.

दांडा बाहेर असतानाच केबल आणि हेल्मची परीक्षा करून घेतली. ही संधी सोडू नये. हेल्ममधून केबल सोडवायला तिथली पिन किंवा बोल्ट काढून चाक फिरवत केबल बाहेर घ्यायची असते. मग नुसतं हेल्म फिरवलं. बोटाने फिरलं, कुठे खरखर नाही, दात सुटल्यासारखा धक्का नाही. या गोल गिअरच्या हेल्मच्या आत ग्रीस भरत बसू नये. ते बंद असतं आणि खरखरत असेल तर नवं घेणं बरं. नंतर केबल मोकळ्या जमिनीवर सरळ टाकली आणि तार दोन्ही बाजूंनी ढकलून-ओढून पाहिली. सरळ पडलेली चांगली केबल हाताने हलते. झटके देत हलली, हेल्मच्या टोकाकडून तांबूस पाणी आलं, आवरण कुठे फुगलं किंवा चिरलं असेल, तर ती केबल पुन्हा बसवू नये. काही जण आवरणाला भोक पाडून आत तेल सोडतात. ते महिनाभर चालतं, पण त्याच भोकातून पाणी आत जातं आणि मग एके दिवशी दुपारच्या वाऱ्यात, धरणाच्या मधोमध, तार अडकते. केबल दुरुस्त करण्याची वस्तू नाही. चांगली असेल तर वापरायची, नसेल तर बदलायची.

आमची केबल सरळ पडलेली असताना चांगली हलली. आवरणावर ओरखडे होते, चीर नव्हती. म्हणजे निम्मा निकाल इथेच लागला: केबल गेलेली नव्हती.

ग्रीसबद्दल थोडं थांबतो. गॅरेजमध्ये मिळणारं एपी-३ काठावर सर्रास वापरतात. उन्हाला ते बरं टिकतं, पण ते क्रमांक ३ चं, म्हणजे घट्ट, आणि पाण्याच्या माऱ्याला मरीन ग्रीसइतकं तग धरत नाही. स्टिअरिंगसाठी क्रमांक २ चं मरीन ग्रीस घ्यावं. एक नळी दोन हंगाम पुरते, त्यामुळे भावाचा विचार करू नये. जुन्या वेगळ्या जातीच्या ग्रीसवर नवं चढवायचं नाही, काही जाती एकत्र आल्या की पातळ होऊन वाहून जातात. आणि डब्ल्यूडी-४० म्हणजे ग्रीस नव्हे. ते मारल्यावर चाक त्या दिवशी मोकळं होतं, राहिलेलं तेलही धुऊन जातं आणि पुढच्या महिन्यात चाक आधीपेक्षा जड.

दांड्याला बोटाने पातळ थर लावला, नळीच्या आत थोडं. पुन्हा आत घातला, मोठा नट आवळला. टॉर्क पाना असेल तर ३५ फूट-पाउंड. नसेल तर हात भरून घट्ट, पानावर पाइप चढवून नव्हे. टिल्ट ट्यूबला ग्रीस निपल (पंपाने ग्रीस भरायचं छोटं तोंड) असेल तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवायची: दांडा नळीत पूर्ण आत असतानाच पंप मारायचा. दांडा बाहेर असताना नळी ग्रीसने भरली आणि मग चाक फिरवलं, तर ग्रीसला जायला जागा नसते, ते दबलं जात नाही आणि स्टिअरिंग जागच्या जागी जाम होतं. मेहनतीने ग्रीस करून स्टिअरिंग बिघडवण्याचा हा हमखास मार्ग.

लिंक न जोडता चाक मोजलं. सातवरून अडीच. लिंक जोडून मोजलं, तेव्हा चार. नऊवरून चार ही मोठी उतरण होती, आणि बरेच जण इथे हात पुसून बोट पाण्यात ढकलतात. पण लिंक जोडल्यावर दीड किलो वाढतो म्हणजे तो स्विव्हलचा आहे, हे काटा सांगत होता.

स्विव्हलला दोन निपल होते. खालच्याने ग्रीस घेतलं, वरच्याने अजिबात नाही. पंप दाबला की ग्रीस निपलच्या कडेने बाहेर येत होतं. निपल खोलला. त्याच्या मागच्या भोकातही तोच कडक साबण. पातळ तारेने तो कोरून काढला, भोकात गंज सोडवणारं तेल सोडलं, मग हॉट एअर गनने ब्रॅकेटला बाहेरून गरम केलं. ब्लो लॅम्प वापरायचा नाही. पेट्रोलची टाकी आधी बोटीतून उतरवून लांब ठेवली होती, तरीही नाही. ज्योतीने रंग जळतो, आत प्लॅस्टिकचे बुश असतात तेही जातात. हात लावता येईल इतपत गरम झालं की पुरे. मग एकाने पंप मारायचा आणि दुसऱ्याने इंजिन डावीकडून उजवीकडे पूर्ण फिरवत राहायचं. नुसता पंप मारला तर ग्रीस एकाच बाजूने वाट काढतं. आधी काळं, मग तपकिरी, शेवटी बुशांच्या वर आणि खाली स्वच्छ नवं ग्रीस दिसेपर्यंत. पंधरा-वीस पंप सहज लागले. बुश झिजून इंजिन हातात डुगडुगत असेल तर ग्रीसने ते जाणार नाही. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत लूमची कामं करणारे लेथवाले नमुना दिला तर नायलॉनचा बुश उत्तम कातून देतात. लिंकचे बोल्ट मात्र तिथून करून घेऊ नयेत, किंवा हार्डवेअरच्या दुकानातला साधा बोल्ट घालू नये. साधा लोखंडी बोल्ट तुटला तर बोटीला स्टिअरिंगच उरत नाही.

आता काटा तीनच्या खाली. उरलेला एक किलो केबलच्या वळणाचा होता. इंजिनासमोर केबलला एक वळसा असतो. कुणीतरी नंतर बसवलेल्या जादा पेट्रोल टाकीला जागा करायला तो वळसा आवळून क्लिपने बांधला होता. अशा केबलला ८ इंचांपेक्षा कमी त्रिज्येचं वळण देऊ नये, असा बनवणाऱ्यांचा दंडक आहे, आणि सगळी वळणं मिळून २७० अंशांच्या वर जाऊ नयेत. इथे वळणाची त्रिज्या जेमतेम पाच इंच होती. सरळ टाकल्यावर हलकी हलणारी केबल बोटीत जड का, याचं उत्तर ते. टाकी चार इंच बाजूला घेतली, क्लिप काढून ढिला पट्टा लावला, वळसा मोठा केला. काटा: पावणेदोन.

जोडणी करताना लिंकचे जुने नायलॉक नट परत वापरले नाहीत, त्यांचा नायलॉन एकदा वापरला की पकड सोडतो. जिथे सांधा फिरायला हवा तिथला नट पूर्ण बसेपर्यंत आवळून मग पाव फेरा मागे घेतला. तो कचकून आवळला तर लिंक रॉडच ब्रेकसारखा काम करतो, आणि इतकं सगळं करून चाक जडच राहिलं म्हणून पुन्हा केबलवर खापर फुटतं. शेवटी इंजिन पूर्ण खाली असताना आणि पूर्ण वर उचललेलं असताना, दोन्ही वेळा चाक टोकापासून टोकापर्यंत फिरवून पाहिलं. काही वायरी आणि पाइप फक्त वर उचलल्यावरच आडवे येतात.

पाण्यात उतरल्यावर आधी हळू, मग वेगात. किल स्विचची (ओढली की इंजिन बंद करणारी) दोरी हाताला बांधलेली. हळू असताना चाक दोन्हीकडे सारखं. वेगात मात्र बोट उजवीकडे किंचित ओढ घेत होती, चाक डावीकडे वळवायला थोडा जास्त जोर लागत होता. हा तो सुरुवातीला म्हटलेला दुसरा रोग. पंख्याच्या वर, इंजिनाच्या आडव्या पात्याखाली जो छोटा टॅब असतो त्याचा बोल्ट सैल करून त्याचं मागचं टोक बोट ज्या बाजूला ओढ घेते त्याच बाजूला वळवायचं. उजवीकडे ओढते तर उजवीकडे. ऐकायला उलटं वाटतं, पण पाण्याचा दाब टॅबला दुसरीकडे ढकलतो. एका वेळी थोडंच, बोल्ट आवळून पुन्हा फेरी. इंजिनाचा कल फार बाहेर ठेवला असेल तरी अशी ओढ वाढते, म्हणून तेही एकाच जागी ठेवून तपासावं.

पुढच्या उन्हाळ्यासाठी: बोट काठावर ओढल्यावर दांडा पूर्ण नळीत आत येईल अशा बाजूला इंजिन वळवून ठेवायचं, उघडा दांडा शिल्लकच ठेवायचा नाही. उरलेल्या टोकाला ग्रीस लावून प्लॅस्टिकची पिशवी बांधायची. आठवड्यातून एकदा उघडा भाग पुसून मग चाक टोकापासून टोकापर्यंत फिरवायचं, आधी फिरवून मग पुसायचं नाही.

आणि तपासणीत केबल खरंच गेलेली निघाली तर मागवताना जुन्या केबलच्या आवरणावर छापलेला नंबर बघावा. बहुतेक वेळा शेवटचे दोन आकडे म्हणजे फुटांतली लांबी असते. उन्हाने नंबर उडाला असेल तर केबल बाहेर काढून प्लॅस्टिकच्या आवरणाची लांबी इंचांत मोजायची, गोल गिअरचं हेल्म असेल तर त्यात १८ इंच मिळवायचे, सरळ दात्यांच्या पट्टीचं असेल तर ३०, आणि बेरीज पुढच्या पूर्ण फुटात न्यायची. बोटीच्या कडेने नुसती टेप लावून मागवू नये, वळणांत फसगत होते. फूटभर जास्त आली तर मागचा वळसा मोठा करून सामावता येते. फूटभर कमी आली तर ती ओढून बसवावी लागते, आणि ओढून बसवलेल्या केबलचं वळण आठ इंचांच्या आत जातं.